घरासमोरची नऊ फुटांची पट्टी

आमच्या शहराने आमच्या रस्त्यावर साइडवॉक बांधला आणि त्यासाठी आमच्या यार्डातली जमीन घेतली. पहिलं कार्ड टपालात आलं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये, आणि शेवटचा कागद हातात पडला जून २०२५ मध्ये. या सव्वादोन वर्षांत किती तरी रात्री मी हे सगळं मराठीत कुणी लिहून ठेवलंय का ते शोधत बसले होते. इंग्रजी कळत नाही असं नाही, पण घाबरलेलं असताना आपल्या भाषेत कुणी धीर दिला तर बरं वाटतं. म्हणून घडलं तसं लिहून काढते आहे. आम्ही टेक्सासमध्ये राहतो. इथले काही नियम फक्त टेक्सासचे आहेत, तुमच्या राज्यात मुदती आणि पद्धती वेगळ्या असतील. मी वकील नाही, हे आधीच सांगते.

आमचा रस्ता मुळात शेतांमधून जाणारा कौंटीचा रस्ता. शहर वाढलं तशी दोन्ही बाजूंना घरं झाली, रस्ता मात्र तसाच राहिला. दोन लेन, कडेला गवत, आणि पावसाचं पाणी जायला उघडा चर. शाळा अर्ध्या मैलावर आहे, तरी मुलं गाडीनेच जातात, कारण चालायला जागाच नाही. २०१९ मध्ये सासूबाई सहा महिने आमच्याकडे होत्या. त्यांना रोज संध्याकाळी चालायची सवय. डांबराच्या कडेकडेने चालायच्या, गाडी आली की गवतात उतरून उभ्या राहायच्या. एकदा चरात पाय गेला आणि घोटा सुजला. ‘अगं, एवढे मोठे रस्ते तुमच्याकडे, आणि माणसाने चालायचं कुठे?’ असं त्या म्हणाल्या, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. समोरच्या घरातले एक गृहस्थ इलेक्ट्रिक व्हीलचेअर वापरतात. ते तर खुर्चीला नारिंगी झेंडा लावून सरळ रस्त्यातूनच जातात. तेव्हा साइडवॉक व्हावा असं मला मनापासून वाटत होतं, आणि पुढे जे झालं त्यात ही गोष्ट मी एकदाही विसरले नाही.

कार्डावर लिहिलं होतं की शाळेच्या कॅफेटेरियात सार्वजनिक बैठक आहे. मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मी गेले. टेबलांवर लांबच लांब नकाशे पसरलेले, त्यावर प्रत्येक घराला एक नंबर. आमचं घर म्हणजे पार्सल १४, पार्सल म्हणजे जमिनीचा तुकडा. त्याच्या पुढच्या बाजूला एक गुलाबी पट्टी रंगवली होती. नऊ फूट रुंद, ८४ फूट लांब, म्हणजे ७५६ चौरस फूट. साइडवॉक सहा फुटांचा, उरलेली जागा उतार आणि चराच्या काठासाठी. रस्ता, चर आणि विजेचे खांब यांनी शहराची स्वतःची पन्नास फुटांची हद्द भरून गेली होती, म्हणून चालायची वाट आमच्या हद्दीत येणार होती.

त्या पट्टीत आमचं पेकनचं झाड होतं. लेक झाली त्याच्या पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, नवऱ्याने आणि मी ते लावलं. पेकन हे टेक्सासचं राज्यवृक्ष आहे हेही आम्हाला तेव्हा नर्सरीतच कळलं. हद्दीच्या रेषेपासून झाड बरोबर आठ फुटांवर.

मी तिथल्या इंजिनिअरना झाड दाखवलं. त्यांनी एका पिवळ्या चिठ्ठीवर ‘पेकन, मालकाला वाचवायचं आहे’ असं लिहून ती नकाशावर चिकटवली. आराखडा अजून तीस टक्क्यांवर आहे, म्हणजे फक्त ढोबळ रेषा ठरल्या आहेत, असं ते म्हणाले. हा शब्द लक्षात ठेवा. तीस टक्क्यांवर असताना रेषा हलते, नव्वद टक्क्यांवर गेल्यावर हलवायची म्हणजे सगळ्यांनाच जड जातं. घरी आल्यावर त्याच रात्री मी त्यांना ईमेल पाठवली: पार्सल नंबर, झाडाचा फोटो, हद्दीपासूनचं अंतर. चिठ्ठ्या गळून पडतात, ईमेल फाइलमध्ये राहते. बैठकीत काहीही बोललात तरी घरी येऊन लिहून पाठवा, एवढं एकच जरी या लेखातून घेतलंत तरी चालेल.

मे महिन्यात सर्व्हेचं पत्र आलं. मोजणीसाठी आमच्या जागेत पाऊल ठेवायची परवानगी मागितली होती. आम्ही सही केली, फक्त येण्याआधी दोन दिवस कळवा एवढं खाली लिहून. मोजणीवाले दोघं सकाळी आले आणि अर्ध्या तासात गेले. मागे राहिल्या त्या लाकडी पट्ट्या, जमिनीत ठोकलेल्या, टोकाला गुलाबी फीत. एक पट्टी झाडाच्या मागे होती, आमच्या घराच्या बाजूला, खोडापासून जेमतेम फूटभर. तिच्यावर काळ्या शाईने आकडे. संध्याकाळी लेक बाहेर गेली आणि आत येऊन म्हणाली, ‘आई, झाड त्यांच्या साइडला गेलंय.’ नकाशावरची गुलाबी पट्टी बघताना जे वाटलं नव्हतं ते तेव्हा वाटलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग पाच महिने काहीच नाही. असे मोठे खंड यात पडतात. कुणी फोन उचलत नाही, पत्र येत नाही, आणि आपल्याला वाटतं प्रकल्प बारगळला. तो बारगळलेला नसतो.

ऑक्टोबरमध्ये अप्रेझरचं, म्हणजे जागेची किंमत ठरवणाऱ्याचं, पत्र आलं. या कामाला केंद्र सरकारचा निधी होता, त्यामुळे १९७० चा युनिफॉर्म रिलोकेशन कायदा लागू होत होता. त्या कायद्याप्रमाणे अप्रेझर जागा बघायला येतो तेव्हा मालकाला सोबत राहायची संधी द्यावी लागते. पत्रात ते एका ओळीत होतं, सहज नजरेआड होईल असं. मी रजा टाकली आणि सोबत राहिले. आधी एक फाइल तयार केली: कुंपणाचं २०१८ चं बिल, स्प्रिंकलरचा नकाशा, प्रत्येक झुडपाचा फोटो. अप्रेझर वयस्कर आणि अबोल होते. त्यांनी त्या पट्टीतली स्प्रिंकलरची तोंडं एकेक करून मोजली, मी दाखवली नसती तर सहातली दोन गवतात दिसलीच नसती. मग झाडापाशी गेले, जमिनीपासून साडेचार फुटांवर टेप गुंडाळली आणि आकडा वहीत लिहिला. झाडाचं माप तिथेच घेतात. माझ्या फाइलची प्रत ते घेऊन गेले. सोबत राहणं हे भांडायला नसतं, आपल्या जागेची माहिती आपल्याइतकी कुणाला नसते म्हणून असतं.

८ जानेवारी २०२४ ला सर्टिफाइड मेलने जाडजूड पाकीट आलं. आत शहराचा पहिला देकार, अप्रेझलची प्रत, जमिनीचं कायदेशीर वर्णन, हस्तांतराच्या कागदाचा मसुदा, आणि टेक्सासच्या ॲटर्नी जनरलनी तयार केलेली ‘लँडओनर्स बिल ऑफ राइट्स’ नावाची पुस्तिका. ती पुस्तिका सगळ्यात आधी वाचा. साध्या भाषेत आहे, आणि आपल्याला काय मागता येतं ते तिच्यात लिहिलेलं आहे.

देकार असा होता. जमिनीचे चौरस फुटाला नऊ डॉलरप्रमाणे ६,८०४. बांधकामाच्या काळात आणखी दहा फुटांची पट्टी तात्पुरती वापरायला, म्हणजे टेम्पररी कन्स्ट्रक्शन ईझमेंटसाठी, ७५६. कुंपण, स्प्रिंकलर, गवत मिळून १,९००. झाडाचे ६००. एकूण १०,०६० डॉलर. पत्राच्या तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं, की बोलणी फिसकटली तर शहर एमिनंट डोमेनचा, म्हणजे सार्वजनिक कामासाठी जमीन सक्तीने घेण्याचा, अधिकार वापरू शकतं. ते वाक्य मी चारपाच वेळा वाचलं. आपण हप्ते भरतो, कर भरतो, गवत कापतो, आणि तरी आपल्या ‘नाही’ला इथे अर्थ नाही, हे पचायला मला आठवडा लागला. नवरा म्हणाला, ‘रागावून काही होणार नाही, पण सही करायची घाईही नको.’ तसंच ठरवलं. टेक्सासच्या कायद्यात पहिल्या देकारानंतर तीस दिवस गेल्याशिवाय अंतिम देकार देता येत नाही. म्हणजे ते तीस दिवस आपले असतात.

चार दिवसांनी शहराच्या राइट ऑफ वे एजंट, म्हणजे रस्त्यासाठी जागा घेण्याचं काम बघणाऱ्या बाई, घरी आल्या. बोलायला अगदी नीट. कागद समजावून सांगितले आणि विचारलं की जमीन दान करायची इच्छा आहे का. दान करता येतं, पण त्याआधी भरपाईचा तुमचा हक्क आहे हे त्यांना लेखी सांगावं लागतं, आणि त्यांनी ते दिलंही. खरं सांगते, क्षणभर मनात आलं की द्यावी. मग मी झाडाबद्दल विचारलं. त्यांच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. एजंट किंमत आणि कागद बघतात, आराखडा इंजिनिअरकडे असतो. आमचा इतका वेळ चुकीच्या माणसाशी बोलण्यात गेला हे तेव्हा उमगलं.

एका वकिलांकडे तासभर सल्ला घेतला, ३५० डॉलर. ते म्हणाले एवढ्या छोट्या प्रकरणात वकील ठेवाल तर हाती काही उरणार नाही, पण कुठे बोलायचं आणि कुठे नाही ते सांगतो. साइडवॉक हा उघडउघड सार्वजनिक वापर आहे, तेव्हा ‘घेताच येणार नाही’ या मुद्द्यावर वेळ घालवू नका. २००५ च्या केलो खटल्यात खाजगी विकासासाठी जमीन घेणं सुप्रीम कोर्टाने मान्य केलं, त्यावर देशभर गदारोळ झाला, टेक्सासने २००९ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून तो रस्ता बराच बंद केला. तुमच्या प्रकरणाचा त्याच्याशी संबंध नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीतले दोनच शब्द तुमच्या कामाचे: न्याय्य भरपाई. आणि भरपाई फक्त घेतलेल्या तुकड्याची नसते, उरलेल्या जागेचं जे नुकसान होतं त्याचीही असते.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला जो मला सुचलाच नसता. घर रस्त्याच्या हद्दीपासून किती अंतरावर आहे? ३१ फूट. तुमच्या झोनिंगमध्ये, म्हणजे शहराच्या बांधकामाच्या नियमांत, किती लागतं? २५. नऊ गेले की किती उरतात? बावीस. म्हणजे काहीही न करता आमचं घर नियमबाह्य होणार होतं. उद्या घर विकताना, किंवा आग लागून परत बांधायची वेळ आली तर, हा प्रश्न उभा राहिला असता. त्यासाठी झोनिंग खात्याचं पत्र घ्या, असं त्यांनी सांगितलं: सार्वजनिक कामासाठी जागा घेतल्यामुळे अंतर कमी झालं आहे, घर नियमात आहे असंच धरलं जाईल. तासाभराचे साडेतीनशे डॉलर त्या एका प्रश्नात वसूल झाले. आणखी एक: तात्पुरत्या ईझमेंटला शेवटची तारीखच नव्हती. ‘काम पूर्ण होईपर्यंत’ एवढंच. काम दोन वर्षं रेंगाळलं तर दोन वर्षं यार्ड त्यांचं.

आम्ही मालकी देण्याऐवजी नुसता कायमचा ईझमेंट देऊ का, असंही विचारलं. म्हणजे जमीन आपलीच राहते आणि चालायचा हक्क शहराला मिळतो. सगळ्या पार्सलांना एकच पद्धत ठेवायची म्हणून शहराने ते मान्य केलं नाही.

वृक्षतज्ज्ञाला बोलावलं, अहवालाचे २७५ डॉलर. झाड निरोगी आहे, आणि खोडापासून चार फूट अंतर मिळालं, मुळांजवळ हाताने खणलं आणि काँक्रीट खोल न नेता खडीच्या थरावर घेतलं तर ते जगेल, असं त्यांनी दोन पानांत लिहून दिलं. कुंपणवाल्याचं आणि स्प्रिंकलरवाल्याचं लेखी अंदाजपत्रक घेतलं. दोन्ही फुकट मिळाली. २ फेब्रुवारीला उलट देकार पाठवला. त्यात रागाचा एक शब्द नव्हता. झाडासाठी वाट वळवावी, कुंपण आणि स्प्रिंकलरचे खरे पैसे द्यावेत, झोनिंगचं पत्र द्यावं, आणि तात्पुरत्या वापराला बारा महिन्यांची मर्यादा आणि सुरू करण्याआधी दहा दिवसांची लेखी सूचना असावी. सोबत सगळे कागद, आणि मार्च २०२३ च्या त्या ईमेलची प्रत.

उत्तराची वाट बघत असताना दुसरंच पत्र आलं: २० फेब्रुवारीला सिटी कौन्सिल आमच्यासकट सात पार्सलांसाठी एमिनंट डोमेन वापरायचा ठराव घेणार. बोलणी चालू असताना ठराव कशाला, म्हणून मी हादरले. नंतर कळलं की दोन्ही गोष्टी बरोबर चालतात, ठराव झाला म्हणजे खटला झाला असं नसतं. पण ते आधी कुणी सांगत नाही. टेक्सासच्या कायद्याने हा ठराव जाहीर सभेत, नोंदवलेल्या मतदानाने घ्यावा लागतो, आणि कोणती मालमत्ता हे प्रस्तावात म्हणावं लागतं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. एका सदस्याने प्रस्ताव वाचला, एकामागून एक पत्ते. आमचा पत्ता पाचवा. आपल्या घराचा नंबर त्या माइकमधून ऐकताना घशाला कोरड पडली.

बोलायला तीन मिनिटं मिळतात, पण आधी चिठ्ठीवर नाव द्यावं लागतं. मी दोनच गोष्टी बोलले. साइडवॉक हवाच आहे, माझ्या सासूबाईंचा पाय त्या चरात मुरगळला आहे. आणि तो झाड न तोडता होऊ शकतो, हा अहवाल. माझ्यानंतर ते व्हीलचेअरवाले गृहस्थ बोलले. त्यांनी रुंदीबद्दल सांगितलं: ऑगस्ट २०२३ मध्ये ॲक्सेस बोर्डने, म्हणजे अपंगांच्या सोयींचे निकष ठरवणाऱ्या केंद्राच्या मंडळाने, जे नवे निकष जाहीर केले त्यात किमान ४८ इंच मोकळी वाट लागते, तेव्हा झाडासाठी वळवा, पण त्याहून अरुंद करू नका. मला आधी वाटलं ते माझ्या विरोधात बोलताहेत. मग लक्षात आलं, त्यांनी माझ्या मागणीला माप दिलं होतं. ठराव मंजूर झाला. बाहेर आल्यावर आम्ही दोघं पार्किंगमध्ये बराच वेळ बोलत उभे होतो. पाच वर्षं समोरासमोर राहतो, इतकं पहिल्यांदाच बोललो.

४ मार्चला अंतिम देकार आला. आकडा तोच. उत्तराला चौदा दिवस. हे चौदा दिवस सगळ्यात कठीण गेले, कारण सही केली नाही तर पुढे कोर्ट. आठव्या दिवशी फोन वाजला, त्याच इंजिनिअरचा. त्यांना फाइलमध्ये माझी वर्षापूर्वीची ईमेल सापडली होती आणि ते जागा परत बघायला आले. आमच्या ड्राइव्हवेखाली चराचं पाणी नेणारा पाइप आधीच आहे, तो ३४ फूट पुढे वाढवला तर तेवढा चर बुजवता येतो आणि तेवढ्या भागात वाट रस्त्याकडे चार फूट सरकते. झाडाजवळ साइडवॉक सहाऐवजी पाच फुटांचा ठेवायचा. त्यांनी टेप धरली, दुसरं टोक माझ्या हातात दिलं. खोडापासून वाटेच्या काठापर्यंत चार फूट. मला रडू आलं, मी तोंड फिरवलं.

त्यामुळे घेतली जाणारी जमीन १३६ चौरस फुटांनी कमी झाली, ६२० वर आली. नवा आकडा: जमिनीचे ५,५८०, तात्पुरत्या वापराचे ७५६, कुंपण, स्प्रिंकलर आणि गवताचे ४,१२०, उरलेल्या जागेच्या नुकसानाचे १,५००. एकूण ११,९५६. झाडाचे पैसे अर्थातच नाहीत. आमचा खर्च ६२५ झाला होता, म्हणजे निव्वळ फरक १,२७१ डॉलर. एवढ्यासाठी हा खटाटोप कुणी करू नये. झाड, झोनिंगचं पत्र आणि बारा महिन्यांची मर्यादा यासाठी करावा. १८ मार्चच्या आधी आम्ही होकार कळवला.

दोन घरं सोडून राहणाऱ्या आजोबांनी होकार दिला नाही, त्यांचं प्रकरण कोर्टात गेलं. त्यांच्यासोबत जाऊन मी जे पाहिलं ते थोडक्यात सांगते. न्यायाधीश तीन स्पेशल कमिशनर नेमतात. ते त्याच कौंटीतले, प्रकरणात हितसंबंध नसलेले जमीनमालक असतात. सुनावणी एका साध्या खोलीत झाली, दीडएक तास, आणि त्यांनी फक्त रक्कम ठरवली. ती रक्कम कोर्टात जमा केली की शहराला ताबा घेता येतो. निकाल मान्य नसेल तर हरकत घ्यायची मुदत विचित्र आहे: कमिशनरांनी निकाल दाखल केल्यानंतरच्या विसाव्या दिवसानंतर येणारा पहिला सोमवार. कॅलेंडरवर लाल खूण करून ठेवा. कमिशनरांची रक्कम शहराच्या देकारापेक्षा जास्त निघाली तर सुनावणीचा खर्च शहराकडे, नाहीतर मालकाकडे.

आम्हाला वाटलं होकार म्हणजे झालं. पण घरावर कर्ज आहे. कर्ज देणाऱ्या कंपनीने त्या ६२० चौरस फुटांवरचा आपला बोजा उठवल्याशिवाय जमीन हस्तांतरित होत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला अर्ज केला. तिथे कुणालाच हा प्रकार माहीत नव्हता. दर फोनला नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. एकदा त्यांनी आमचा अर्ज घर विकण्याचा समजून बंद करून टाकला. ‘पार्शल रिलीज’, म्हणजे जमिनीच्या काही भागावरचा बोजा उठवणं, हे दोन शब्द वापरा आणि त्याच खात्याचा थेट ईमेल मागून घ्या. शेवटी २१ जूनला कागद आला. त्यांची फी ३०० डॉलर, ती शहराने परत केली. मागितली म्हणून केली. हस्तांतराचे असे खर्च त्या १९७० च्या कायद्याखाली भरून मिळतात, पावती जपून ठेवा. २ जुलै २०२४ ला टायटल कंपनीत, म्हणजे मालकीचे कागद आणि पैसे हाताळणाऱ्या कंपनीत, नोटरीसमोर सह्या झाल्या. जमीन आणि नुकसानाचे मिळून ७,०८० डॉलर कंपनीने कर्जाच्या मुद्दलात वळते केले, बाकी ४,८७६ आमच्या खात्यात आले.

करांबद्दल एवढंच. जानेवारी २०२५ मध्ये १०९९-एस फॉर्म आला, जमीन दिल्याचे किती पैसे मिळाले ते कर खात्याला कळवणारा. आमच्या सीपीएने, म्हणजे कराचे कागद करणाऱ्या हिशेबनिसाने, तात्पुरत्या वापराचे पैसे भाड्याचं उत्पन्न म्हणून दाखवले, जमिनीचे आणि नुकसानाचे वेगळे धरले. एकूण रकमेची फोड कागदावर वेगवेगळी लिहून घेतली होती म्हणून हे सोपं गेलं. तुम्हीही घ्या.

त्याच महिन्यात काम सुरू झालं. सूचनेचं पत्र बारा दिवस आधी आलं. खणण्याआधी ८११ वाले, म्हणजे जमिनीखालच्या वाहिन्या दाखवणारे, येऊन रंगीत झेंडे लावतात: लाल वीज, निळं पाणी, पिवळा गॅस, नारिंगी फोन. पण आपले खाजगी स्प्रिंकलर ते दाखवत नाहीत, ते आपण दाखवायचे. मी चार तोंडांना खुणा केल्या, पाइपचं वळण विसरले. दुसऱ्याच दिवशी तो फुटला. कंत्राटदाराच्या माणसांनी त्याच संध्याकाळी जोडून दिला. झाडाभोवती त्यांनी नारिंगी जाळी लावली होती. मुळांजवळ दोघं जण गुडघ्यांवर बसून हाताने माती काढत होते, मनगटाएवढ्या मुळाभोवती ब्रशने साफ करत. मी त्यांना चहा नेऊन दिला. एकाने मूळ दाखवून विचारलं, ‘हेच का ते झाड?’ त्यांच्या कागदावरही ते लिहिलेलं होतं.

काँक्रीट मार्चमध्ये पडलं. सकाळी सातला गाडी आली, दहापर्यंत आमच्या समोरचा भाग झाला. कुंपण एप्रिलमध्ये परत उभं राहिलं. कोपऱ्यातली हद्दीची लोखंडी खूण खणताना उखडली गेली होती, ती परत बसवून घेतली. यात कुंपणापेक्षा ती खूण महत्त्वाची, काम करणारे निघून जायच्या आत तपासा.

एप्रिलमध्ये अप्रेझल डिस्ट्रिक्टची, म्हणजे करासाठी मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाची, नोटीस आली, तर लॉटचं क्षेत्रफळ अजून १०,९२०. विकून नऊ महिने झालेली जमीन आमच्याच नावावर. १५ मे ही हरकतीची मुदत असते. नोंदलेल्या हस्तांतराची प्रत जोडून ऑनलाइन हरकत घेतली, कुणी बोलावलंही नाही.

मेमध्ये सासूबाई आल्या. आता त्या ७४ वर्षांच्या आहेत, हातात काठी असते. पहिल्या संध्याकाळी मी सोबत निघाले तर म्हणाल्या, ‘तू नको येऊस, मला दिसतोय रस्ता.’ पेकनपाशी वाट जिथे वळते तिथे त्या थांबल्या, काठीने नव्या काँक्रीटवर दोनदा टकटक केलं, आणि शाळेच्या दिशेने चालू लागल्या. तेव्हापासून रोज जातात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात परतताना टपालपेटीतून पाकीट त्याच घेऊन आल्या. आत दुरुस्त केलेली नोटीस होती. लॉटचं क्षेत्रफळ १०,३०० चौरस फूट.